अंग न झाडलेला कोंबडा

आमच्या भागात देवीला कोंबडा द्यायचा तर आधी त्याच्या डोक्यावर पाणी सोडतात. त्यानं अंग झाडलं की देवीनं तो घेतला असं समजायचं. झाडलं नाही तर सुरी लावायची नाही. ही रीत मी कळायला लागल्यापासून बघतो आहे. पाणी पडलं की कोंबडा अंग झाडतोच. न झाडणारा कोंबडा मी उभ्या जन्मात एकच बघितला, आणि तो आमच्याच परड्यातला होता.

आमची वस्ती आटपाडीच्या पलीकडं माळावर आहे. आम्ही मेंढरांची माणसं. माझा मुलगा भाऊसो मात्र गलाईच्या धंद्यात गेला. कोईमतूरला सराफांचं सोनं-चांदी गाळायची भट्टी चालवतो. सणासुदीला येतो आणि अंगाला भट्टीचा वास घेऊन परत जातो. राहिलेली मेंढरं, डाळिंबाची बाग, कोंबड्या हे सगळं सून मंगल बघते. मी आणि माझी बायको अंबूबाई तिच्या हाताखाली आहोत. असं मी म्हटलं की अंबूबाईला राग येतो, पण दिसतं ते खरं आहे.

कोंबड्यांचं वेड मंगलला कुठून लागलं ते सांगतो. तिनं एकदा कराडहून सुधारित जातीची पिल्लं आणली. काय ती वाढली! मांड्या अशा की बघत राहावं. अंडीही भरपूर. पण त्या कोंबड्या अंडं घालायच्या आणि विसरून जायच्या. एकही कधी अंडी उबवायला खुडूक बसली नाही. घार आली तर वर बघत उभ्या राहायच्या, जणू कोण पाव्हणा आला आहे. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी चोची वासून एकेक आडवी झाली.

आमच्या गावठी कोंबड्यांचं उलटं. पिल्लं जिवापाड सांभाळतील, कोल्ह्याला चोच मारतील, पण अंडी मोजकी आणि तीही लिंबाएवढी.

एक दिवस मंगल मला म्हणाली, "मामा, ह्या दोनीचं मिळून एक करता यील का?"

मी म्हटलं, "मेंढरात आपण दुसरं काय करतो? दूध एकीकडचं, काटकपणा दुसरीकडचा. एडका बघून घ्यायचा, मग वाट बघायची."

"किती वाट बघायची?"

"ते एडक्याला इचार."

ती हसली, पण मनावर घेतलं. आमच्या कोंबड्यांत कराडचा एक जगलेला कोंबडा सोडला. पिल्लं झाली ती काही बापावर गेली, काही आईवर, काही कुणावरच नाही. अंगानं बरी, खुडूक बसणारीही निघाली, पण ऊन लागलं की तीच गत.

मग आम्ही बोकड विकायला आष्ट्याच्या बाजाराला गेलो होतो. वैशाखाचं ऊन. कोंबड्यांच्या रांगेत सगळ्यांच्या चोची उघड्या, नरडी धापा टाकताहेत. त्यात एक कोंबडा चोच मिटून शांत बसला होता. त्याची मान पार उघडी. डोक्यावर टोपीएवढी पिसं, मग लालभडक कातडं, मग छातीपासून पुढं पुन्हा पिसं.

मंगल खाली बसली. "आजी, आजारी हाय काय ह्यो?"

विकणारी म्हातारी म्हणाली, "आजारी तुझा सासरा दिसतोय. ह्यो जल्मापासनं असाच हाय."

मंगलनं त्याच्या मानेखाली हात घातला. मग शेजारच्या कोंबड्याच्या मानेखाली घातला. पुन्हा ह्याच्या. मला म्हणाली, "मामा, हात लावून बघा. ह्येच्या मानंतनं ऊन भाईर जातंय."

मी हात लावला. खरंच, दारात उभं राहिल्यावर वारा लागावा तसं वाटलं.

एसटीत त्याचं डोकं पिशवीतून बाहेर आलेलं. कंडक्टर म्हणाला, "ह्येचं अर्धं तिकीट लागंल, मुंज झालीया." घरी आल्यावर अंबूबाईनं कपाळाला हात लावला.

"ह्यो गिधाडाचा ल्योक कुठनं आणला गं?"

"आष्ट्यासनं, आत्या."

"मग आष्ट्याला न्हिऊन सोड. माझ्या दारात असलं बोडकं नगं."

सोडला नाही. तिथून खरं काम सुरू झालं. मंगल कोंबडीच्या पायाला लोकरीचा धागा बांधायची. काळा धागा आमच्या रक्ताचा, पांढरा कराडच्या, लाल आष्ट्याच्या. ज्याच्यात दोन रक्तं त्याला दोन धागे पिळून. लोकर आमच्याच मेंढरांची. लाल तेवढी रंगवलेली. कुठली कोंबडी कुठल्या कोंबड्याखाली ठेवायची ते ती धागे बघून ठरवायची. जी कोंबडी पिल्लं शेवटपर्यंत सांभाळील तिची अंडी बसवायची. जी घाबरून पिल्लं सोडून पळेल ती बाजारात. कोंबड्यांची पारख तर घारीवर. घार दिसल्यावर जो ओरडून आधी स्वतः पळायचा तो बाद. जो ओरडून उभा राहायचा आणि सगळ्या कोंबड्या आडोशाला गेल्यावर मग जायचा, तो ठेवायचा. असे फार थोडे निघतात. माणसांतही थोडेच निघतात.

शेजारची रंगूबाई कुंपणावरून बघायची. "मंगल, कोंबड्यांची सोयरीक जमीवतीस काय गं? पत्रिका बघतीस का न्हाई?"

"बघती की. भावाला भण देत न्हाई."

"आन् मामाची पोरगी?"

"माणसात चालती, आत्याबाई. कोंबड्यात न्हाई चालत."

रंगूबाईनं स्वतः आत्याच्या मुलाशी लग्न केलेलं. ती पदर तोंडाला लावून हसत आत गेली.

अशी काही वर्षं गेली. टेंभू योजनेचं पाणी माळावर आलं त्याच्या मागंपुढं. कृष्णेचं पाणी. पूर्वी आम्ही दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चालत त्या नदीकाठाला उतरायचो. कुंडलच्या, कराडच्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या रानाला खत आणि आम्हाला धान्य. ज्या पाण्यासाठी आम्ही इतकं चालायचो ते आता डोंगर चढून आमच्या दारात आलं होतं. मी पहिल्या दिवशी कालव्याच्या कडेला बसून नुसता बघत होतो. त्यानंतर मला वाटलं होतं की आता मला कशाचं नवल वाटायचं नाही.

मग तो कोंबडा जन्माला आला.

पिळलेल्या तीन धाग्यांची एक कोंबडी डाळिंबाच्या बागेत हरवली होती. मंगल शोधून दमली. एक दिवस ती आपली पिल्लं घेऊन बाहेर आली. त्यातल्या एकाची मान उघडी, आणि पाठीवर रेघा. तो वाढत गेला तसा त्याचा रंग निघाला. तांबूस, राखी, काळे ठिपके, तित्तिरासारखा. कोंबडे असतात तसा भडक नाही. माळावर उभा राहिला की मातीत मिसळून जायचा.

मी बांधावर बसलो होतो. तो समोरून चालत आला आणि खडकाजवळ थांबला, आणि मला दिसेनासा झाला.

माझ्या आईची एक कोंबडी होती. आम्ही नदीकाठाला निघायचो तेव्हा घोड्यावर सगळा संसार लादलेला असायचा आणि संसाराच्या वर कोंबड्या, पायाला सुतळी बांधून. घोडा चालला की त्या डुलायच्या, पण पडायच्या नाहीत. त्यात ही तित्तिराच्या रंगाची. मुक्कामाला उतरली की दगडाच्या आडाला बसायची आणि पुढ्यात जाऊन उभं राहिलं तरी दिसायची नाही. आई तिला हाका मारायची आणि ती आईच्या पायाशीच असायची. एका साली कोंबड्यांत मर आली, रोगानं खुराडी रिकामी झाली, त्यात ती गेली. पुढं तसल्या रंगाची कोंबडी वस्तीवर कुणाकडं मी बघितली नाही. मंगलला मी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. सांगायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी सांगितली. ती हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

मी विचारलं, "इतकी वर्सं ह्यो रंग कुटं हुता गं?"

ती म्हणाली, "आतच असंल, मामा. पांढरीच्या आत, तांबडीच्या आत. कोण तरी हाक मारंल म्हणून बसला असंल."

"मग हाक कुणी मारली?"

"ते मला कुटं ठावं?"

आम्ही दोघंही बराच वेळ त्या कोंबड्याकडं बघत होतो. मंगलनं त्याच्या पायाला तिन्ही रंगांचा धागा बांधला. त्याला ऊन बाधत नव्हतं. दाणा दिसला की आधी कोंबड्यांना हाक मारायचा आणि त्या खाईपर्यंत स्वतः चोच लावायचा नाही. घार आली की शेवटी आत जायचा. मंगलला जे जे हवं होतं ते त्या एकाच पाखरात उतरलं होतं. आता त्याची पिल्लं धरायची, आणि त्यांच्यापासून पुढं तीच जात चालवायची, एवढंच राहिलं होतं.

पिल्लं फुटली आणि त्याच आठवड्यात मर आली.

कोंबड्यांची मर ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी चांगलं असलेलं पाखरू दुपारी मान वाकडी करून गरगर फिरतं. रंगूबाईचं खुराडं दोन-तीन दिवसांत रिकामं झालं. ती दारात बसून म्हणायची, "नुसती दारं हालत्यात गं." मंगलनं जनावरांच्या दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणून मोठ्या कोंबड्यांना टोचली होती. लहान पिल्लांना ती लागू पडायच्या आधी रोग पोचला. तित्तिरी कोंबड्याची सगळी पिल्लं गेली. मंगलनं त्यांना डाळिंबाच्या खाली पुरलं आणि तिथंच बसून राहिली.

त्या संध्याकाळी अंबूबाई अंगणात आली. माळावर आमच्या वस्तीची देवी मरगूबाई आहे, तिच्या टेकडीकडं तोंड केलं, पदर पसरला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई मरगूबाई, राहिल्याली पाखरं राख. माझ्या सुनंची मेहनत राख. आखाडात परड्यातला सगळ्यात देखणा कोंबडा तुला दीन."

रंगूबाईनं ऐकलं. सगळ्या वस्तीनं ऐकलं असेल, अंबूबाईचा आवाजच तसा आहे.

पाखरं राहिली. आजूबाजूला पीससुद्धा उरलं नाही आणि आमच्या परड्यात मोठी कोंबडी एकही गेली नाही.

परड्यातला सगळ्यात देखणा कोंबडा कुठला, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

आखाड जवळ आला तशी घरात कुरबूर सुरू झाली. मंगल म्हणाली, "आत्या, पाखरं लशीनं वाचली."

अंबूबाई म्हणाली, "लस घ्यायची बुद्धी कुणी दिली?"

"दवाखान्यातल्या बाईनं."

"आन् तिला कुणी दिली?"

मंगलनं दुसरी वाट धरली. "दुसरा कोंबडा द्या की. तांबडा बघा कसा मोठा हाय."

"देखणा म्हटलंय. मोठा म्हटलं न्हाई."

"मग दिवाळीपातूर थांबा. मर येऊन गेल्यापासनं कोंबड्या अंड्यावर न्हाईत. जी थोडी घातली ती बसवून बघितली, त्यात काय धरलं न्हाई. उन्हाला धरून बघितली, आत नुसता उजेड. एकदा त्येची पिल्लं हातात यिऊ द्या, मग तुमी त्येचं काय बी करा."

"आखाड म्हटलंय."

मग मंगलनं अगदी हळू विचारलं, "आत्या, दरसाल देवीला कुठला कोंबडा देतो आपण?"

"चांगला बघून. आणखी कुठला?"

"आन् जावई आला की?"

"तगडा बघून."

"जत्रंला?"

"तसलाच."

"मग बियाला मागं कुठला राहतो?"

मी सुपारी कातरत होतो, माझा अडकित्ता थांबला.

मेंढरात आम्ही असं कधी करत नाही. चांगला एडका आम्ही जिवापेक्षा जपतो, कळप त्याच्यावर चालतो. कोंबड्यात मात्र आमच्या आज्या-पणज्यांपासून आम्ही चांगलं चांगलं वेचून देत आलो, खात आलो, आणि जे कुणाच्या नजरेत भरलं नाही ते मागं राहिलं. आमच्या कोंबड्या लहान का, अंडी लिंबाएवढी का, माझ्या आईचा तो रंग कुठं गेला, हे सगळं माझ्यापुढं एकदम उघडं झालं. कुणी वाईट वागलं नव्हतं. देवाला चांगलं द्यावं, पाव्हण्याला चांगलं द्यावं, ह्यात वाईट काय आहे? चांगुलपणानंच बी झिजवलं होतं.

अंबूबाईलाही कळलं होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण ती म्हणाली, "मग देवीला काय लुळंपांगळं द्यू? माझा भाऊसो परमुलखात हाय. रोज आगीपुढं बसतोय. बोलल्यालं फिरवू मी?"

भाऊसो मंगलचाही कुणीतरी होता. ती उठली. जाता जाता म्हणाली, "द्या. पर टेकडीवर मी न्हीणार त्येला. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

आखाडातल्या मंगळवारी वस्तीतल्या बायका टेकडीवर गेल्या. ज्यांची पाखरं मेली होती त्यांनी बाजारातून आणलेली. पुजारी सयाजी पायरीवर बसलेला, शेजारी पाण्याची घागर, तांब्या आणि सुरी. मंगलनं कोंबड्याला पदराखाली धरलं होतं. अंबूबाई पुढं चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती.

रंगूबाईचा कोंबडा आधी झाला. पाणी पडलं, त्यानं भुर्रकन अंग झाडलं, सगळ्यांच्या तोंडावर थेंब उडाले. "घेतला," सयाजी म्हणाला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. मग आमचा नंबर आला.

मंगलनं खाली वाकून आधी त्याच्या पायाचा धागा सोडला. गाठ घट्ट बसली होती, तिला वेळ लागला. सयाजी थांबला. धागा तिनं मुठीत धरला आणि कोंबडा पायरीवर ठेवला, पाय हातात धरून.

सयाजीनं डोक्यावर पाणी सोडलं. कोंबड्यानं डोळे मिटले, उघडले. पाणी मानेवरून खाली गेलं.

"सोड आणि थोडं," अंबूबाई म्हणाली.

सयाजीनं पुन्हा सोडलं. कोंबडा सयाजीकडं बघत राहिला.

"अरं, ह्येला न्हाणं आवडतंय," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. सयाजीनं तिसऱ्यांदा अख्खा तांब्या ओतला. कोंबड्यानं मान वर केली, चोच उघडली आणि चोचीवरून पडणारं पाणी पिऊन टाकलं. हसणं बंद झालं.

सयाजीनं तांब्या खाली ठेवला. तो माझ्याहून लहान, पण टेकडीवर तो कुणाला वहिनी-काकू म्हणत नाही. "अंबू, मनात काय किंतू ठिवलायस?"

अंबूबाईचा चेहरा पांढरा पडला. "न्हाई रं बाबा. भाऊसोची आण." मग ती मंगलकडं वळली. "तुझ्या मनात हाय."

मंगल म्हणाली, "हाय. देवीपुढं खोटं कशाला बोलू? मला ह्यो जित्ता पायजे. मला मटणाचं काय न्हाई, अंड्याचं काय न्हाई. ह्यो गेला तर ह्येच्या मागं कोण न्हाई. एवढंच हाय माझ्या मनात." आणि ती रडायला लागली. पिल्लं पुरताना रडली नव्हती.

मी कोंबड्याच्या मानेकडं बघत होतो. मला कळलं होतं. कोंबडा अंग झाडतो तो मानेची पिसं भिजली म्हणून. ह्याच्या मानेला पिसंच नव्हती. पाणी कातड्यावरून दगडावरून जावं तसं घसरून जात होतं, पाठीपर्यंत पोचतच नव्हतं. एवढीशी गोष्ट. मी ती बोलू शकलो असतो. पण बोलायला तोंड उघडलं आणि मनात आलं, ही मान उघडी केली कुणी? मंगलनं निवडली. आष्ट्याच्या म्हातारीनं जपली. तिच्या आधी कुणी? उन्हात सगळ्यांच्या चोची उघड्या असताना एकाचीच मिटलेली ठेवणारा कोण? आणि हे सगळं फिरत फिरत ह्या पायरीवर, ह्या सुरीपाशी येऊन थांबावं, हे कुणी जुळवलं? मला कारण माहीत होतं आणि कारण माहीत असूनही माझे हात आपोआप जोडले गेले.

अंबूबाई पुष्कळ वेळ देवीकडं बघत होती. मग मला म्हणाली, "आवं, बिरोबाच्या नावानं एडका सोडतो, त्यो कापतो का आपण?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्यो देवाचा. त्येला कापायचं न्हाई, इकायचं न्हाई, कुणाच्या कळपात गेला तर हाकलायचं न्हाई."

"मग झालं तर," ती म्हणाली.

तिनं देवीपुढचा भंडारा मूठभर घेतला आणि कोंबड्याच्या उघड्या मानेला फासला. लाल मान पिवळीधमक झाली. मंगलला म्हणाली, "पाय सोड त्येचं." मंगलनं सोडले. अंबूबाई देवीला म्हणाली, "आई, देखणा म्हटलं हुतं, देखणा आणलाय. कापून दीन असं म्या म्हटलं न्हवतं. जित्ता घे."

कोंबडा पायरीवर एकटा उभा राहिला. पळाला नाही. एक पायरी वर चढला, आणखी एक चढला, देवीच्या अगदी पुढ्यात गेला. मग त्यानं पंख पसरले आणि तुऱ्यापासून शेपटापर्यंत असं अंग झाडलं की भंडाऱ्याचा धूर उठला, आणि तो आरवला.

"घेतला," सयाजी म्हणाला. रंगूबाईनं दगडावर डोकं टेकलं.

उतरताना मंगलच्या मुठीत तो धागा तसाच होता. कोंबडा वाचला, पण तो आता तिचा नव्हता. देवाच्या जनावराला घरी आणता येत नाही.

तो सयाजीच्या झोपडीपाशी राहायला लागला. मग टेकडी उतरायला लागला. मंगल रोज दारात उभी राहून वाट बघायची, आणि तो पहिल्यांदा गेला कुठं, तर रंगूबाईच्या परड्यात! तिनं नुकत्याच नव्या कोंबड्या आणल्या होत्या. पाऊस संपता संपता त्या अंड्यावर आल्या. एक दिवस मंगल वाटी घेऊन कुंपणाशी गेली.

रंगूबाई म्हणाली, "काय गं, सोयरीक मागायला आलीस?"

"व्हय. चार अंडी द्या बसवायला."

"हुंडा काय दिशील?"

"लस टोचून दीन तुमच्या सगळ्या कोंबड्यांस्नी."

"मग डझनभर ने," रंगूबाई म्हणाली.

पुढं तो आमच्याकडंही आला, सगळ्यांकडंच गेला. देवीचा म्हणून कुणी हाकललं नाही. मंगलचे धागे आता पुरत नाहीत. उघड्या मानेची, तित्तिरी रंगाची पिल्लं वस्तीभर झाली, पलीकडच्या वाडीतही गेली. ती अजून निवडते आहे, म्हणते की काही पिल्लं अजून आजोळावर जातात. तिच्या मनात जातीला दुसरंच नाव होतं. पण लोकांनी "मरगूबाईची कोंबडी" म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आखाडात आता बायका सगळ्यात देखणा कोंबडा भंडारा लावून सोडतात आणि त्याच्या खालचा कापतात. सयाजी कुरकुरतो, म्हणतो की माझ्या वाट्याची तंगडी बारीक झाली.

अंबूबाई म्हणते देवीनं केलं. मंगल म्हणते निवडून केलं. मी दोघींना व्हय म्हणतो.

काल दुपारी मी बांधावर बसलो होतो. समोर माळ, त्यावर कोंबड्या पसरलेल्या. वर घारीची सावली फिरली. कोंबड्यानं एकच हाक दिली. मी डोळे मिटून उघडले तर माळावर काहीच नव्हतं. नुसते दगड. घार दोन वेढे घालून डोंगराकडं गेली. मी तसाच बघत राहिलो, आई बघायची तसा, पायाशी, आजूबाजूला. कोंबडा पुन्हा बोलला, ह्या वेळी हळू.

आणि दगड उठून चालायला लागले.